लेझरने कोरलेली स्लीव्ह आणि न विणलेल्या कापडावरची नक्षी

धोटा

बाळाचे ओले वाइप्स घरात असतील तर एक वाळवा आणि उजेडासमोर धरा. काहींत बारीक भोकांच्या रांगा दिसतील, काहींत सरी-वरंबे, महागड्या पाकिटातल्या वाइपवर फुलंपानंही. ही नक्षी छापलेली नसते, सुयांनी टोचलेली नसते, आणि विणलेली तर नाहीच नाही, कारण हे कापड मुळात विणतच नाहीत. ती पाण्याने पाडलेली असते. त्या पाण्याखाली जो साचा असतो त्याच्याबद्दल हा धागा.

स्पनलेस माहीत असणाऱ्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. तंतू विंचरणाऱ्या कार्डिंग मशीनमधून व्हिस्कोस आणि पॉलिएस्टरच्या तंतूंचा मोकळा थर बाहेर पडतो. तंतू ३८-४० मिमी लांब आणि डोक्याच्या केसापेक्षा बरेच बारीक. या थरावर वरून पाण्याच्या धारा मारतात. धारा जेट स्ट्रिपमधून येतात: स्टीलची एक पातळ पट्टी, तिला ०.१ ते ०.१५ मिमी व्यासाची भोकं, इंचाला साधारण ४०. दाब १०० बार असेल तर धारेचा वेग सेकंदाला १४० मीटरच्या आसपास जातो. या माऱ्याने तंतू एकमेकांत गुंततात आणि कापड तयार होतं. डिंक लागत नाही, दोरा लागत नाही. शेवटच्या टप्प्यात हेच कापड नक्षीच्या ड्रमवरून नेतात, वरून पुन्हा धारा मारतात आणि ड्रमच्या आतून व्हॅक्यूमने पाणी ओढून घेतात.

या ड्रमवर पूर्वापार तारेची विणलेली जाळी चढवतात. जाळी स्वस्त असते, टिकते, आणि आजही बहुतेक माल तिच्यावरच निघतो. पण तिची नक्षी तिच्या विणीने बांधलेली आहे. तार तारेवरून जाते तिथे उंचवटा, मध्ये खळगा. उंचवटा वाढवायचा तर तार जाड घ्यावी लागते, तार जाड झाली की खळगेही मोठे होतात. चांदणी हवी, अक्षर हवं, एकाच कापडात दोन खोलीचे खळगे हवेत, तर जाळी हात वर करते.

म्हणून स्लीव्ह. प्लास्टिकची किंवा धातूची अखंड नळी घ्यायची, लेथसारख्या यंत्रावर फिरवायची आणि लेझरने हवी तशी कोरायची. पिरॅमिडच्या रांगा कोरा, त्यांच्या पायथ्याशी निचऱ्याची भोकं पाडा, बाजूला पन्हळी काढा, सगळं एका फाइलमध्ये बसतं.

धंद्यात सध्या एक वाक्य फार ऐकू येतं: "लेझर आहे, डिझाइनची फाइल द्या, कापडावर उतरवून देतो." यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. लेझर स्लीव्हवर काहीही कोरेल. कापड मात्र तेवढंच घेईल जेवढं पाणी त्याला घेऊ देईल. धारेचं पाणी क्षणात खाली गेलं नाही तर ड्रमवर पाण्याचा थर साचतो, पुढची धार त्या थरावर आपटते आणि तिचा जोर तिथेच मरतो. म्हणजे सुंदर बंद पाकळ्यांचं फूल कोरलंत आणि पाकळीला निचरा ठेवला नाहीत, तर कापडावर फूल उमटत नाही, धूसर डाग उमटतो.

आमच्या पायलट मशीनसाठी २०० मिमी व्यासाची, १ मीटर रुंदीची स्लीव्ह करून घ्यायचा विचार आहे. कोणी कोरून घेतली आहे का? साहित्य कुठलं? खर्च कशावर ठरतो?

अवखळ_आजी

नातवाच्या पाकिटातला एक वाळवून बघितला. खरंच भोकं आहेत की हो, इतकी वर्षं लक्षच गेलं नव्हतं. म्हणजे ड्रमला जिथे भोक तिथे कापडाला भोक, बरोबर ना? रांगोळीच्या छाप्यासारखं?

धोटा

आजी, उलट आहे. छाप्यात भोक तिथे रांगोळी पडते. इथेही तसंच धरा: ड्रमवर खळगा किंवा भोक तिथे तंतू *जमतात*. कापडाचं भोक पडतं ते ड्रमच्या उंचवट्यावर. धार उंचवट्यावर आदळली की पाणी चहूबाजूंनी उतारावरून खाली पळतं आणि तंतूंना सोबत घेऊन जातं. माथा उघडा पडतो, तेच कापडातलं भोक. म्हणून पिरॅमिड कोरतात. सपाट माथ्यापेक्षा टोकदार माथ्यावरून तंतू लवकर घसरतात.

सॅनिटरी पॅडवर जी भोकांची प्लास्टिक फिल्म असते तिचं मात्र तुम्ही म्हणता तसंच. तिथे गरम, मऊ फिल्म स्क्रीनवर पसरून खालून व्हॅक्यूम लावतात किंवा वरून पाण्याची धार मारतात. स्क्रीनला भोक असेल तिथे फिल्म खाली ओढली जाते, ताणते, फाटते आणि नरसाळ्यासारखं भोक तयार होतं. दोन्ही उद्योगांना लेझरने कोरलेल्या स्क्रीन लागतात, पण डिझायनरने एकाची फाइल दुसऱ्याला दिली तर नक्षी उलटी येईल.

नेहा_रॅली

मस्त धागा. मी इथे नॉर्थ कॅरोलायनात याच क्षेत्रात आहे, थोडा इतिहास जोडते.

हे सगळं जिथून निघालं ती चिकोपी ही मुळात कापसाची जाळीदार पट्टी, म्हणजे बँडेजचं गॉझ, विणणारी गिरणी. मॅसॅच्युसेट्समधल्या चिकोपी गावची. जॉन्सन अँड जॉन्सनने ती १९१६ मध्ये घेतली. दवाखान्यांना गॉझ प्रचंड लागायचं आणि विणणं महाग पडायचं. मग प्रश्न आला, न विणता गॉझ करता येईल का? फ्रँक कॅल्वेट्स यांचं १९५८ चं पेटंट याच्यावर आहे: तंतूंचा थर भोकांच्या पत्र्यांमध्ये किंवा जाळीवर ठेवून पाण्याने तंतू सरकवायचे, ते जुड्या करून जमतात आणि मध्ये भोकं राहतात. लांबून बघितलं तर विणलेलं गॉझच वाटतं. पण तिथे तंतू सरकत होते, घट्ट गुंतत नव्हते, त्यामुळे चिकटवायला बाइंडर लागायचा. उच्च दाबाच्या धारांनी गुंतवायची पद्धत ड्युपाँची, एव्हान्स यांचं १९६९ चं पेटंट. त्यातून सोंटारा हे त्यांचं कापड आलं.

या दोन वाटा एकत्र आल्यावर साच्याला खरा भाव आला. चिकोपीच्या लोकांनी पुढे कार्बन डायऑक्साइड लेझरने ॲसिटल प्लास्टिकच्या नळ्या कोरून त्यावर कापड काढलं. १९९५ मध्ये चिकोपी पॉलिमर ग्रुपकडे गेली, तिथे या तंत्राला अपेक्स म्हणायचे. पुढे ती कंपनी अविंटिव्ह झाली, २०१५ मध्ये बेरीने घेतली, २०२४ मध्ये बेरीचा तो विभाग ग्लॅटफेल्टरबरोबर मिळून मॅग्नेरा झाला. एवढ्या पाट्या बदलल्या की जुन्या लोकांना आपण कुठे कामाला आहोत हे लेटरहेड बघून सांगावं लागत असेल.

मला यातली गंमत ही वाटते की सुरुवातीची कितीतरी वर्षं न विणलेल्या कापडाची सगळी धडपड विणलेल्यासारखं दिसायची होती. साचाही विणलेल्या तारेचाच. विणीशी काहीच संबंध नसलेली नक्षी काढायची मोकळीक लेझरने दिली. आणि बाजारात सर्वात जास्त काय मागतात? टॉवेल आणि टेरीसारखी दिसणारी वीण!

बारामतीकर

कार्बन डायऑक्साइड लेझरचं नाव निघालं आणि अजून कोणी सांगितलं नाही? तो शोधणारे कुमार पटेल जन्माने बारामतीचे. १९३८ चा जन्म, पुण्याच्या सीओईपीतून इंजिनियर झाले, मग स्टॅनफर्ड, आणि १९६४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेल लॅब्समध्ये हा लेझर लावला. जॉन्सन अँड जॉन्सनचं मुख्यालयही न्यू जर्सीतच, न्यू ब्रन्सविकला. बेल लॅब्सपासून मोटारीने तासाभराच्या आत.

बाकी धागा डोक्यावरून जातोय, पण वाचतोय.

टवाळ

एवढी इंजिनियरिंग करून शेवटी त्याने काय पुसायचं ते आपण सगळे जाणतोच.

धोटा

@टवाळ, म्हणूनच नक्षी लागते. सपाट कापड घाण पसरवतं. वरंबे आणि खळगे असले की घाण खळग्यात अडकते. शिवाय त्याच वजनाचं कापड हाताला जाड लागतं, म्हणजे कंपनीला ग्राम वाढवावे लागत नाहीत. दुसरं कारण जास्त खरं आहे.

फ्लेक्सोवाला

मी पॅकेजिंग छपाईत, फ्लेक्सोच्या रबर स्लीव्ह लेझरने कोरतो. तुमचं काम वेगळं, यंत्र तेच. नळी फिरते, लेझरचं डोकं लांबीच्या दिशेने इंचाइंचाने सरकतं, फाइलमधला काळा ठिपका आला की किरण चालू, पांढरा आला की बंद. करडा असेल तर कमी ताकद, म्हणजे कमी खोल. धोटाभाऊंच्या मापाचा हिशोब मांडतो, कारण खर्च कशावर ठरतो हे त्यातच आहे.

२०० मिमी व्यास, म्हणजे परीघ ६२८ मिमी. एका फेरीला डोकं ०.०५ मिमी सरकलं तर १ मीटरला २०,००० फेऱ्या. मिनिटाला २०० फेऱ्यांनी काम १०० मिनिटांत उरकतं असं कागदावर दिसतं. पण त्या गतीला नळीचा पृष्ठभाग सेकंदाला २.१ मीटर पळतो. साधा कार्बन डायऑक्साइड लेझर "चालू" म्हटल्यावर पूर्ण ताकदीला यायला ७५ ते १०० मायक्रोसेकंद घेतो. तेवढ्यात पृष्ठभाग ०.२ मिमी पुढे गेलेला असतो. तुमचा ठिपका ०.०५ चा आणि कडेची ओढ ०.२ ची! पिरॅमिडची एक बाजू ताठ, दुसरी लोळलेली.

उपाय दोन. एक, किरण बाहेरून तोडणारा मॉड्युलेटर लावायचा, पण ती यंत्रं महाग. दोन, हळू चालायचं. मिनिटाला ४० फेऱ्या केल्या तर ओढ ०.०४ मिमीवर येते, पण एका हाताला, म्हणजे पूर्ण नळीवरून एकदा जायला, ५०० मिनिटं, म्हणजे आठ तासांच्या वर. आणि ३ मिमी जाडीत आरपार जायला एक हात पुरणार नाही. पाच हात धरा, झाले चाळीस तास. कोरणारा तासावर पैसे लावतो. नळी स्वस्त असते, लेझरचे तास महाग असतात.

एक सूचना न विचारता. कोणी पीव्हीसीची नळी आणून "हीच कोरून दे" म्हणालं तर त्याला दारातून परत पाठवा. लेझरखाली पीव्हीसी हायड्रोजन क्लोराइड सोडतं, माणसाची फुप्फुसंही जातात आणि यंत्राच्या आरसे-रेल्सही.

सांगलीकर

प्लास्टिक का पण? शेकडो बारचं पाणी दिवसरात्र मारायचं आणि खाली प्लास्टिक? स्टीलचा पत्रा फायबर लेझरने कापा, वळवा, जोडा, विषय संपला. छपाईवाल्यांच्या निकेल स्क्रीन आहेतच, अहमदाबादची स्टोवेक कंपनी कित्येक वर्षं करते. आणि आपल्या इचलकरंजीत डीकेटीई कॉलेजला नॉनवोव्हनचं, म्हणजे न विणलेल्या कापडाचं, सेंटर ऑफ एक्सलन्स आहे, तिथे चौकशी केलीत का?

धोटा

डीकेटीईच्या लोकांशी बोलणं चालू आहे. चाचणीला जायचं तर तिथेच.

स्टीलबद्दल. पत्र्याला आरपार भोकं पाडायची असतील तर स्टील उत्तमच. १.०६ मायक्रॉनचा फायबर लेझर धातूत चांगला शोषला जातो, वेगही मिळतो. पण मला भोकांबरोबर उठाव हवा आहे. मिलिमीटरभर उंचीचे पिरॅमिड स्टीलमधून लेझरने खरवडून काढायचे म्हणजे फार वेळ जातो आणि वितळलेला धातू कडेला चिकटून बसतो. त्या खरखरीत कडेला तंतू अडकला की कापड ड्रमवरून सुटत नाही, ओढलं की केस निघतात. इलेक्ट्रोपॉलिश, म्हणजे विजेने गुळगुळीत, करावं लागतं, त्यात बारीक कडाही गोल होतात. शिवाय वळवून जोडलेल्या पत्र्याचा जोड कापडावर प्रत्येक फेरीला उमटतो. छपाईची निकेल स्क्रीन जेमतेम ०.१ मिमी जाड असते, ती या माऱ्याला टिकणार नाही. नॉनवोव्हनसाठी जाड निकेल स्लीव्ह वेगळ्या करतात. त्या चांगल्या असतात, पण एका चाचणीसाठी परवडत नाहीत.

ॲसिटलचा गुण असा की ते कार्बन डायऑक्साइड लेझरच्या १०.६ मायक्रॉनच्या किरणाखाली जळून कोळसा होत नाही. त्याची साखळी सुटते आणि वायू होऊन उडून जाते. भिंत स्वच्छ, गुळगुळीत राहते. पाणीही फारसं पीत नाही.

फ्लेक्सोवाला

वायू होऊन उडून जातं हे खरं, पण तो वायू म्हणजे फॉर्मल्डिहाइड, हे कोरणाऱ्याला आधी सांगा. नाकाडोळ्यांना झोंबतो आणि कर्करोगकारक म्हणून नोंदलेला आहे. तेवढाच वाईट भाग म्हणजे ॲसिटलची ज्योत फिकट निळी, उजेडात जवळजवळ दिसतच नाही. नळी पेटलेली आहे हे ऑपरेटरला कळत नाही. जोरदार एक्झॉस्ट आणि हवेचा झोत हवाच. आमच्याकडे रबराचा धूर ओढायची सोय आहे, तरी ॲसिटल मी यंत्रापाशी माणूस उभा ठेवल्याशिवाय लावणार नाही.

नेहा_रॅली

भोकाच्या आकाराबद्दल कोणी बोललं नाही, मला तोच मुद्दा सर्वात महत्त्वाचा वाटतो. लेझरचं भोक कधीच सरळ नळीसारखं नसतं. किरण भिंगातून बारीक होत जातो, सर्वात बारीक एका ठिकाणी असतो आणि पुढे पुन्हा फुगतो. अडीच इंची भिंगाने १२ मिमीचा किरण केंद्रित केला तर ठिपका ०.०७ मिमीच्या आसपास येतो, पण तो तेवढा बारीक जेमतेम पाऊण मिलिमीटर खोलीपर्यंतच राहतो. ३ मिमीच्या भिंतीत त्याचा निभाव लागत नाही. पाच इंची भिंग घेतलं तर ठिपका दुप्पट, ०.१४ मिमी, पण खोली चौपट, तीन मिलिमीटर. बारीक तपशील आणि आरपार भोक एकाच भिंगाने मागू नका. उठाव छोट्या भिंगाने, निचऱ्याची भोकं मोठ्या भिंगाने, असे दोन वेगळे टप्पे करा.

आणि भोक नरसाळ्यासारखं येणार हे गृहीत धरूनच दिशा ठरवा. बाहेरून कोरलं की तोंड बाहेर रुंद, आत अरुंद. निचऱ्याला अरुंद तोंड आतल्या बाजूला म्हणजे तुंबणं आलंच. तंतूंचे तुकडे तिथे अडकतात आणि काही दिवसांत ड्रमचा एक पट्टा आंधळा होतो. भोकं थोडी मोठी ठेवा, नक्षी थोडी कमी नाजूक झाली तरी चालेल.

सांगलीकर

हे पटलं. मग नक्षी किती बारीक करता येईल याला काही मर्यादा?

धोटा

तंतूची लांबीच ती मर्यादा घालते. ३८ मिमीचा तंतू आणि नक्षीचं एक घर २.५ मिमीचं असेल, तर सरळ पसरलेला एकच तंतू पंधरा घरांतून जातो. त्याला प्रत्येक घरात वळण घ्यायला लावायचं आहे. घर अजून लहान केलं तर तंतू वळायचा सोडून वरून सरळ पूल बांधतो आणि भोक केसाळ दिसतं. व्हिस्कोस ओलं झालं की लवचीक होतं, लवकर वळतं. पॉलिएस्टर ताठ, परत उसळी मारतं. त्याच स्लीव्हवर मिश्रण बदललं की नक्षीचा तजेला बदलतो.

युरोपात २०२१ पासून प्लास्टिक असलेल्या वाइप्सच्या पाकिटावर तसं छापावं लागतं, त्यामुळे तिकडचे गिऱ्हाईक निव्वळ सेल्युलोजकडे, म्हणजे व्हिस्कोससारख्या तंतूंकडे, वळतायत. नक्षीवाल्यांना ते बरंच आहे.

नेहा_रॅली

अजून एक सापळा. तुमच्या नक्षीचे उभे पट्टे जेट स्ट्रिपच्या भोकांच्या अंतराजवळ येऊ देऊ नका. इंचाला ४० भोकं म्हणजे ०.६३५ मिमी अंतर. वरंबे ०.६५ मिमीवर ठेवले तर दोन्ही रेघा दर २७-२८ मिमीला एकमेकींना गाठतात, मग कापडावर तेवढ्या अंतराने फिकट-गडद पट्टे दिसतात. स्लीव्हमध्ये दोष नाही, जेटमध्येही नाही, पण माल परत येतो. नक्षी थोडी तिरकी ठेवली की बराच त्रास वाचतो.

धोटा

@नेहा_रॅली, हे सोन्यासारखं आहे. आमच्या पहिल्या आराखड्यात वरंबे सरळच होते, आता तिरके करतोय.

ठरलं ते असं. ॲसिटलची नळी, भिंत ३ मिमी, आत स्टीलचा भोकांचा ड्रम. २.५ मिमीचं घर. २०० मिमी व्यासाला ते २५१.३ वेळा बसतं, म्हणजे जोडाला अर्धवट घर उरणार. त्यामुळे परीघच ६३० मिमी धरला, बरोबर २५२ घरं. एक शंका मात्र आहे. ॲसिटल उष्णतेने स्टीलच्या नऊपट फुगतं. पाणी दहा अंशांनी तापलं तर २०० मिमीला ०.२ मिमी सैल होईल. नक्षीला काही होणार नाही, पण नळी ड्रमवर घसरेल. टोकांना खाचा करून कॉलरने धरायचं म्हणतोय.

फ्लेक्सोवाला

कॉलर करा, पण एकाच टोकाला घट्ट. दोन्हीकडे आवळली तर लांबीत मिलिमीटरभर वाढायला जागा नाही, मधेच फुगेल.

लेथवाल्याला परीघ सांगू नका, व्यास सांगा: २००.५३ मिमी, आणि एसीत मोजायला सांगा. नळी मागवताना हातभर लांब मागवा. टोकाला आधी चाचणीचे चार प्रकार कोरून बघू, भोकाचा आडवा छेद कापून भिंगाखाली पाहू, मग तो तुकडा कापून टाकून मुख्य काम लावू. फाइल काळी-पांढरी नको, करड्या छटांची द्या.